झाडांची शेवटची रेघ

हिमालयासारख्या उंच पर्वतावर चढत गेले, की एक गोष्ट कोणाच्याही नजरेत भरते. पायथ्याशी शेते असतात, त्यांच्यावर दाट रान असते. आणखी वर गेले की रान विरळ होते, झाडे खुजी होऊ लागतात, आणि मग थोड्याच अंतरात झाड म्हणून संपते. त्याच्या पुढे गवत, फुले, खुरटी झुडपे, खडक, आणि सर्वांत वर बर्फ. दुरून पाहिले, तर कोणीतरी ओळंबा आणि दोरी घेऊन डोंगराच्या कमरेभोवती रेघ आखली आहे, असे वाटते. रेघेच्या खाली झाडे, वर एकही नाही. या रेघेला वृक्षरेषा म्हणतात.

ही रेघ कोण ओढतो? वारा, की थंडी, की बर्फ? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधण्यात माणसाची दोनशे वर्षे गेली, आणि उत्तर चुकले तेथे कष्टही वाया गेले. त्या शोधाची ही हकीकत आहे.

प्रथम एक खुलासा करतो. आपल्या सह्याद्रीतही कित्येक माथे उघडे आहेत. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, उंची १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. त्याच्या माथ्यावर झाडी नाही. म्हणून ती वृक्षरेषा झाली का? नाही. आपल्या मुलखाच्या अक्षांशावर थंडीने झाड थांबायला कळसूबाईच्या दुप्पट उंचीचा डोंगरही पुरेसा पडायचा नाही. आपल्याकडचे माथे उघडे पडतात ते खडकावर माती नसल्याने, पावसाळी वाऱ्याच्या माऱ्याने, वणव्याने आणि गुराढोरांच्या तोंडाने. हा भेद ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता आपण युरोपात, स्वित्झर्लंड देशात जाऊ. तेथे आल्प्स पर्वताच्या ऐन पोटात उर्सेरेन नावाचे खोरे आहे आणि त्या खोऱ्यात आंडरमाट नावाचे गाव आहे. चारी बाजूंना उघडे, गवताळ उतार. फक्त गावाच्या डोक्यावर, एका उतारावर, त्रिकोणी आकाराचे थोडेसे रान. इ. स. १३९७ साली त्या खोऱ्यातल्या लोकांनी एक लेख करून ठेवला. या रानात कोणी कुऱ्हाड चालवायची नाही, असा त्यातला निर्बंध होता. आपल्याकडच्या देवराईसारखीच ही गोष्ट दिसते. पण येथे कारण देवाचे नव्हते, बर्फाचे होते. हिवाळ्यात उतारावर साठलेले बर्फ एकदम सुटते आणि लोंढ्यासारखे खाली येते. त्याला हिमलोट म्हणू. उतारावर झाडे उभी असली, तर बर्फाचा थर ती जागच्या जागी धरून ठेवतात. झाडे गेली, की गाव उघडे पडते. म्हणजे त्या गावकऱ्यांना वृक्षरेषा हा शब्दही ठाऊक नव्हता, तेव्हाच एवढे मात्र पक्के ठाऊक होते, की ही रेघ खाली सरकली तर आपण मेलो. वृक्षरेषेच्या प्रश्नात माणसांचे जीव गुंतले आहेत ते असे.

रेघ का पडते याचा शास्त्रीय विचार पुढे बऱ्याच काळाने सुरू झाला. त्यात पहिले मोठे नाव अलेक्झांडर फॉन हंबोल्ट या जर्मन पंडिताचे. बर्लिनला १७६९ साली जन्मलेला हा गृहस्थ बाँप्लां नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन दक्षिण अमेरिकेत हिंडला. २३ जून १८०२ या दिवशी तो चिंबोराझो नावाच्या पर्वतावर चढला. त्या काळी हा जगातला सर्वांत उंच पर्वत समजला जाई. माथा गाठता आला नाही. पण १९,००० फुटांच्या आसपास तो पोचला. विषुववृत्ताजवळच्या त्या पर्वतावर खाली उष्ण प्रदेशातले रान, मध्ये समशीतोष्ण मुलखातल्यासारखी झाडे, वर गवत, त्याच्यावर शेवाळ आणि शेवटी बर्फ असे थर त्याने पाहिले. १८०७ साली त्याने डोंगराचे एक मोठे चित्र छापले आणि कोणती वनस्पती कोणत्या उंचीवर वाढते, ती नावे त्या चित्रातल्या डोंगरावरच लिहिली. शाळेतल्या नकाशासारखी ही युक्ती होती. ती पाहून लोकांच्या ध्यानात आले, की डोंगर चढणे म्हणजे एका परीने विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे चालत जाणेच आहे. दर हजार फूट चढले, की हवा साधारण दोन अंश सेल्सियसने थंड होते. म्हणून वर झाड नाही आणि उत्तरेच्या टोकालाही झाड नाही. दोन्हीकडे कारण एकच, उष्णतेचा तुटवडा.

हंबोल्टला हिमालय पाहण्याची फार इच्छा होती. पण त्याने पुन्हा पुन्हा खटपट करूनही ईस्ट इंडिया कंपनीने त्याला हिंदुस्थानात येऊ दिले नाही. ते काम दुसऱ्याच्या वाट्याला आले. जोसेफ डाल्टन हूकर नावाचा तरुण इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हंबोल्टला १८४५ साली पॅरिसमध्ये भेटला होता. तो जानेवारी १८४८ मध्ये कलकत्त्यास उतरला, एप्रिलमध्ये दार्जिलिंगला पोचला आणि पुढची दोन वर्षे सिक्कीमच्या डोंगरदऱ्यांत हिंडला. १८४९ साली सिक्कीम दरबारच्या माणसांनी त्याला काही आठवडे अडकवूनही ठेवले. पण त्याची वही काही बंद पडली नाही.

हूकर आणि त्याच्या काळच्या इतर निरीक्षकांपुढे हिमालयाने एक कोडे टाकले. नुसती उंचीच सगळे ठरवत असेल, तर पर्वताच्या दोन्ही अंगांना रेघ सारख्या उंचीवर पडावयास हवी. पण तसे नव्हते. कुमाऊँकडे पाहणी करणाऱ्या रिचर्ड स्ट्रेची याने १८४९ साली दाखवून दिले, की कायमच्या बर्फाची रेषा हिंदुस्थानच्या अंगाला खाली आणि तिबेटच्या अंगाला दोनतीन हजार फूट वर आहे. उत्तरेचे अंग थंड, मग तेथे बर्फ खालपर्यंत यायला नको का? उत्तर असे, की मोसमी ढग आपला सारा भार दक्षिण उतारावर उतरवतात. पलीकडे पोचते ती कोरडी हवा. बर्फ थोडे, ऊन भरपूर. त्यामुळे बर्फ लवकर वितळते.

झाडांचेही काहीसे असेच आहे. गढवाल-कुमाऊँकडे साधारणपणे अकरा ते बारा हजार फुटांवर झाडी संपते. पण तिबेटच्या आग्नेय भागात उंच पठारी मुलखाच्या आत, सुमारे १६,००० फुटांवर जुनिपरची झाडे उभी आहेत. आल्प्समध्ये बाहेरच्या बाजूच्या रांगांत १,८०० मीटरच्या सुमारास रेघ पडते, आणि आतल्या वॅलिस, एंगाडीन या भागांत ती २,३०० मीटरपर्यंत चढते. मोठ्या पर्वतसमूहाच्या पोटात ढग कमी, ऊन जास्त आणि तापलेली जमीनही विस्तीर्ण. त्यामुळे तेथल्या उन्हाळ्यात ऊब अधिक राहते. म्हणजे नुसती उंची रेघ ठरवत नाही. त्या उंचीवर झाडाच्या वाट्याला किती ऊब येते, हे पाहावे लागते.

हूकरने आणखी एक गोष्ट नोंदवली. तिचा खरा अर्थ मात्र पुढे दीडशे वर्षांनी उलगडला. आपण ज्याला बुरांस म्हणतो, त्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या जातीची एक बारकी वनस्पती त्याला १७,००० फुटांच्याही वर सापडली. खालच्या रानात याच घराण्यातली झाडे चांगली उंच होतात. ही मात्र जमिनीला चिकटून, खडकाच्या कुशीत शिरून वाढणारी. झाड जेथे टिकत नाही, त्याच्याही कितीतरी वर त्याच कुळातले झुडूप आनंदाने फुलते. थंडी तर दोघांना सारखीच. मग हा भेद कशाचा?

येथे वारा पुढे येतो.

वृक्षरेषेजवळ गेलेल्या माणसाला वाऱ्याचा संशय प्रथम येतो, आणि ते स्वाभाविक आहे. तेथली झाडे पाहिली, की वाऱ्याने त्यांना कसे छळले आहे ते उघड दिसते. काही झाडांना एकाच अंगाला फांद्या असतात. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू पार बोडकी, आणि दुसऱ्या बाजूला साऱ्या फांद्या मागे उडाल्यासारख्या. जत्रेतले निशाण वाऱ्यावर फडफडते तशी ही झाडे दिसतात, म्हणून त्यांना निशाणाची झाडे म्हणतात. आणखी वर गेले, की झाड उभे राहणेच सोडून देते. ते आडवे पसरते, गुंतते, कंबरेइतक्या उंचीची जाळी होते. जर्मन भाषेत त्याला क्रुमहोल्झ म्हणतात, म्हणजे वाकडे लाकूड. त्या गुडघाभर, कंबरभर झाडाचे वय शंभर-दोनशे वर्षे असू शकते.

वारा हे कसे करतो? तो नुसता ढकलतो असे नव्हे. हिवाळ्यात त्याच्याबरोबर बर्फाचे बारीक टोकदार कण उडत असतात. वाळूचा मारा करून भांडे घासावे, तसे हे कण झाडाच्या सुयांसारख्या पानांवरचे मेणाचे अस्तर घासून काढतात. मेण गेले, की पानातले पाणी उडू लागते. जमीन गोठलेली असल्यामुळे मुळांना नवे पाणी वर पाठवता येत नाही. पान वाळते, फांदी मरते. बर्फाच्या थराखाली दडलेल्या फांद्या मात्र सुखरूप राहतात. बर्फ म्हणजे त्यांना पांघरलेले कांबळेच. म्हणून अशा झाडाला बर्फाच्या पातळीपर्यंत दाट हिरवा घेर असतो, त्याच्यावर हातभर उघडा, खरवडलेला दांडा असतो, आणि फारच चिवट झाड असले, तर त्या दांड्याच्या टोकाला एखादे निशाण. गेल्या कित्येक वर्षांत तेथे बर्फ किती उंच साठत आले आणि वारा कोणत्या दिशेने वाहत आला, हे झाडाकडे पाहून सांगता येते. हवामानखात्याची चौकी नसली तरी झाडाने नोंद ठेवलेली असते.

वाऱ्याची ताकद केवढी, याला अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनचे उदाहरण घ्यावे. हा डोंगर ६,२८८ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडासाच उंच. पण त्याच्या माथ्यावरच्या वेधशाळेत १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी २३१ मैल वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली. पुढे १९९६ साली ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर यापेक्षा जोराचा वारा मोजला जाईपर्यंत हा विक्रम टिकून होता. या डोंगरावर सुमारे ४,५०० फुटांवरच झाडी संपते. त्याच देशाच्या पश्चिमेकडील कोलोरॅडो राज्यात ती साडेअकरा हजार फुटांच्या आसपास संपते. दोहोंच्या अक्षांशात फरक फार थोडा. माउंट वॉशिंग्टनवर ढग, धुके आणि गार उन्हाळा हेही आहेत. पण वाऱ्याला तेथे नुसता बघ्या म्हणता येत नाही.

जपानात शिमागारे नावाचा एक डोंगर आहे. नावाचा अर्थच पट्ट्यापट्ट्यांनी वाळणे असा आहे. तेथल्या फरच्या रानात वाळलेल्या झाडांचे पांढुरके पट्टे आडवे पसरलेले दिसतात. काठावर उघड्या पडलेल्या झाडांना वारा मारतो. ती मेली की त्यांच्या मागची उघडी पडतात, मग ती मरतात. असा मरणाचा पट्टा वाऱ्याच्या दिशेने हळूहळू पुढे सरकतो. पण त्याच्या पाठीमागे तेवढ्याच चिकाटीने नवी रोपे उगवून येत असतात. म्हणजे वारा झाडे मारतो, रानाला आकार देतो. पण तेवढ्याने रान संपत नाही. मग रान संपवतो कोण?

याचा उलगडा करण्याची निकड लोकांना भासली ती एका मोठ्या आपत्तीनंतर. १९५०-५१ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये न भूतो असे बर्फ पडले. हिमलोटांनी एकट्या स्वित्झर्लंडमध्ये ९८ माणसे दगावली. आंडरमाट गावावर जानेवारी १९५१ मध्ये तासाभरात सहा हिमलोट आले आणि १३ माणसे गेली. शेकडो वर्षे लाकडासाठी आणि कुरणांसाठी झाडी तोडून माणसाने ही रेघ ठिकठिकाणी खाली ओढली होती. आता ती पुन्हा वर नेली पाहिजे, असे सर्वांना वाटू लागले. पण वर किती? आणि कोणते झाड लावायचे? नुसत्या उत्साहाने भागणार नव्हते.

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात शास्त्रज्ञांनी डोंगरावरच प्रयोगशाळा थाटल्या. वाल्टर ट्रांक्विलिनी यांनी झाडांचे श्वसन, अन्न बनवणे, पाणी गमावणे हे सारे वर्षानुवर्षे मोजले आणि १९७९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. उन्हाळा तोकडा पडला, तर कोवळ्या सुया पुरत्या पक्व होत नाहीत, त्यांचे अस्तर कच्चे राहते आणि मग हिवाळी वाऱ्यात त्या वाळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वित्झर्लंडमध्ये डाव्होसजवळ स्टिलबर्ग नावाच्या उतारावर १९७५ साली याहून धाडसी प्रयोग झाला. दोन हजार मीटरहून उंच असलेल्या, हिमलोटांच्या वाटेवरच्या पाच हेक्टर जागेत ९२,००० रोपे लावली. दोन रोपांत अंतर ७० सेंटिमीटर. लार्च आणि पाइनच्या दोन जाती, अशी तीन प्रकारची झाडे. आणि मग कोणते जगते, कोणते मरते, हे दशकामागून दशके मोजत बसले. शेतकऱ्याला ठाऊक असते तेच तेथे दिसले. एकाच उतारावर चार पावलांच्या अंतराने जमिनीचा गुण बदलतो. जेथे बर्फ उशिरापर्यंत रेंगाळले, तेथल्या पाइनच्या रोपांना बुरशीने खाल्ले. दोन्ही पाइन बहुतेक मेले. लार्च मोठ्या प्रमाणात टिकला. तो हिवाळ्यात आपल्या सुया गाळून टाकतो, त्यामुळे वाऱ्याला वाळवायला पानच सापडत नाही. म्हणजे बर्फाचे कांबळे थोडे असले तर वारा मारतो आणि फार झाले तर बुरशी मारते.

पण जगभरची रेघ कोठे पडावी, हा मोठा प्रश्न उरलाच होता. विषुववृत्ताजवळच्या डोंगरावर हिवाळाच नसतो; गोठलेली जमीन नाही, महिनोन्‌महिने बर्फाचा मारा नाही. तरी तेथेही झाडी एका उंचीवर संपतेच. मग हिवाळी वाऱ्याला सर्वत्र दोषी कसे धरणार? स्वित्झर्लंडच्या बाझल विद्यापीठातले ख्रिस्तियान कोर्नर यांनी या प्रश्नाला हात घातला. त्यांनी आणि येन्स पाउल्सन यांनी जगातल्या ४६ वृक्षरेषांवर जमिनीत दहा सेंटिमीटर खोल बारीक तापमापके पुरली. उत्तर ध्रुवाकडच्या मुलखापासून विषुववृत्त ओलांडून न्यूझीलंडच्या बाजूपर्यंत. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हिवाळा कडक असो वा नसो, उंची चार हजार फूट असो वा तेरा हजार, झाडाच्या वाढीच्या दिवसांत त्या रेघेवरचे सरासरी तापमान साधारण सहा ते सात अंश सेल्सियस भरले.

याचे कारणही त्यांनी सोपे करून मांडले. थंडीत झाडाला अन्न बनवता येत नाही म्हणून ते उपाशी मरते, असा पूर्वी समज होता. पण रेघेवरच्या झाडांत साखर आणि पिष्ट यांचा साठा भरपूर आढळला. झाड उपाशी नाही. त्या अन्नापासून नवे लाकूड, नवी मुळे, नवे कोंब बांधायचे काम मात्र पाच अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते. असे समजा, की विटा-चुन्याचे ढीग पडले आहेत, पण थंडीने गवंड्याचे हात आखडले आहेत. घर उभे राहणार कसे?

आणि आता हूकरच्या त्या बारक्या झुडपाचे कोडे सुटते. आपण गरम चहा बशीत ओतून फुंकर घालतो. फुंकर चहाची ऊब उडवून नेते आणि चहा थोड्या वेळात हवेइतका गार होतो. डोंगरावर ऊन पडले, की जमीन तापते आणि तिच्यालगत वीतभर उंचीचा उबदार थर तयार होतो. गवत, फुले, खुरटी झुडपे त्या थरात अंग चोरून बसतात. त्यांच्या भोवतीची हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी ऊबदार असते. झाड मात्र मान वर काढते. त्याचा शेंडा वाऱ्यात जातो, आणि वारा त्याच्यावर अखंड फुंकर घालत राहतो. सूर्याने दिलेली ऊब वारा काढून घेतो, आणि झाडाला हवेच्या तापमानावरच दिवस काढावे लागतात. म्हणून रेघेच्या वरही गवताच्या आडोशाला झाडाची रोपे सापडतात. ती जगतात, पण गवताबाहेर डोके काढले की अडतात. झाडाला जे झाडपण देते, त्या उंचीनेच त्याचा घात होतो. पुरात लव्हाळे का टिकते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. डोंगरावरच्या वाऱ्याचा न्याय काहीसा तसाच आहे.

तेव्हा वारा आणि थंडी यांचे भांडण असे मिटले. रेघ साधारण कोठे पडायची, हे उन्हाळ्यातली ऊब ठरवते. झाड उंच असल्यामुळे वारा त्याला त्या उबेपेक्षा एक अंशही जास्त मिळू देत नाही. आणि प्रत्येक उतारावर, प्रत्येक घळीत ती रेघ कशी वाकडीतिकडी व्हायची, झाडाने कोणता आकार घ्यायचा, हे वारा, बर्फ आणि माती ठरवतात.

एवढे सांगून थांबता आले असते. पण या सर्वांपेक्षा वेगळा असा एक रेघ ओढणारा अजून राहिला. तो म्हणजे आपण.

हिमालयातल्या वृक्षरेषेवरचे सर्वांत ओळखीचे झाड म्हणजे भूर्ज, ज्याला आपण भोजपत्र म्हणतो. त्याची साल कागदासारखी पापुद्र्यापापुद्र्यांनी निघते. कालिदासाने कुमारसंभवात हिमालयाच्या वर्णनात तिच्यावर लिहिण्याचा उल्लेख केला आहे. १८८१ साली पेशावरजवळच्या बक्षाली गावी जमीन खणताना जे जुने गणिताचे हस्तलिखित निघाले, तेही भूर्जपत्रावरच लिहिलेले. म्हणजे आपल्या विद्येचा काही भाग या शेवटच्या रेघेवरच्या झाडानेच सांभाळून ठेवला. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना सुमारे ३,७७५ मीटरवर भोजबासा नावाची जागा लागते. नावाचा अर्थच भोजवृक्षांचा वास. पण जळणासाठी आणि निवाऱ्यासाठी तोड होत गेली आणि ज्या झाडांमुळे हे नाव पडले, तीच दिसेनाशी झाली. पुढे गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी १९९० नंतरच्या दशकात तेथे भोजाची रोपे लावण्याचे काम हाती घेतले. आता कोणी प्रवासी तेथला उघडा उतार पाहून, येथे थंडीमुळे झाड होत नसावे, असे म्हणाला तर? जे कुऱ्हाडीने केले, ते निसर्गाच्या माथी मारल्यासारखे होईल.

ही चूक उलट्या बाजूनेही होते. पृथ्वी तापते आहे, म्हणून वृक्षरेषा वर चढते आहे, असे आपण ऐकतो. जगातल्या १६६ ठिकाणच्या नोंदी २००९ साली एकत्र तपासल्या गेल्या. १९०० सालापासून त्यांपैकी ५२ टक्के ठिकाणी रेघ वर सरकली होती, फक्त एक टक्का ठिकाणी खाली आली होती, आणि उरलेल्या ठिकाणी ती जागेवरच होती. म्हणजे चढण्याकडे कल आहे, हे खरे. स्वीडनमध्ये स्प्रूसचे एक झाड आहे. त्याच्या मुळाशी सापडलेले लाकूड साडेनऊ हजार वर्षांचे ठरले. हजारो वर्षे ते जमिनीला धरून झुडपासारखे राहिले, आणि विसाव्या शतकात हवा ऊबदार झाल्यावर त्याने उभा बुंधा काढला. पण आल्प्समध्ये वर चढलेल्या झाडीचा बराच भाग असा आहे, की तेथे पूर्वी गुरे चरत आणि आता लोकांनी चराई सोडली. ऊब वाढली, म्हणून नव्हे. गाय गेली, म्हणून झाड आले. हिमालयात याहून निराळेच. तेथे भोजाला नुसती ऊब पुरत नाही. मोसमी पावसाच्या आधीच्या कोरड्या महिन्यांत जमिनीत ओल नसेल, तर वाढती ऊब त्याला वर नेण्याऐवजी वाळवते.

आणि झाडे वर गेली, म्हणजे सगळे चांगलेच झाले, असेही समजू नये. रेघेच्या वर ज्याला गढवालकडे बुग्याळ म्हणतात, ती गवताची कुरणे असतात. मेंढपाळांचे उन्हाळ्याचे चार महिने त्यांवर निघतात, औषधी वनस्पती तेथे होतात. झाडी वर चढली, तर या गवताला आणि फुलांना वर सरकायला जागा शिखरापर्यंतच आहे. शिखराच्या पलीकडे आकाश आहे, जमीन नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना घेऊन एखाद्या टेकडीवर गेलात, तर तिच्या माथ्यावरचे किंवा कड्यावरचे एखादे वाकलेले झाड त्यांना दाखवा. वारा कोणत्या बाजूचा, ते त्यांना ओळखू द्या. मग शेजारचा उघडा उतार दाखवून विचारा, की येथे झाड का नाही? माती नाही म्हणून? वाऱ्याने? दरवर्षी वणवा लागतो म्हणून? की चराईमुळे? मुले चार उत्तरे देतील आणि चारही थोडी थोडी खरी असतील. त्यातले मुख्य कोणते, ते शोधून काढणे हाच खरा धडा.

कारण त्या उत्तरावर पुढचे काम अवलंबून असते. रेघ उबेच्या तुटवड्याने पडली असेल, तर तिच्यावर रोपे लावणे म्हणजे कष्ट आणि पैसा वाया घालवणे. वाऱ्याने पडली असेल, तर आडोसा आणि जागेची निवड यांनी मार्ग निघतो. पण ती कुऱ्हाडीने, काडीने किंवा चराईने पडली असेल, तर ती पुसणे आपल्या हातचे आहे. आंडरमाटच्या गावकऱ्यांनी १३९७ साली नुसते एक रान राखले, आणि त्या उघड्या खोऱ्यात ते रान अजून गावाच्या डोक्यावर उभे आहे. आपल्या गावच्या डोंगरावरची रेघ कोणी ओढली, एवढे प्रथम पाहावे. मग खड्डे खणायला घ्यावेत.